पाखरू पडलं का न्हाई

साल २०१०. मला साठ पुरी होऊन वर दोन महिने झाले होते, अन् माझं लहानपण त्या उन्हाळ्यात सुरू झालं. हसू नका. ज्या वयात पोरं खेळतात त्या वयात मी अहमदपूरच्या पलीकडं आमच्या रानात, ज्वारीच्या मधोमध चार मेढींवर बांधलेल्या माळ्यावर उभा राहून पाखरं हाकलत होतो. तिसरीची सहामाही परीक्षा चालू होती तेव्हा गुरुजी मला न्यायला बांधापर्यंत आले होते. बाप म्हणाला, "गुरुजी, तुमची परीक्षा थांबंल, पाखरं थांबायची न्हाईत." तिथं माझी शाळा सरली अन् खेळणंही सरलं. पुढं अंगानं वाढलो, संसार केला, पोरगं वाढवलं. पण वाढणं म्हणजे नुसतं उंच होणं नव्हे, हे मला साठीत कळलं. साठी बुद्धी नाठी म्हणतात. माझी नाठी झाली की आली, ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

तेव्हा आम्ही लातूरला राहायला आलो होतो. पोरगा दिगंबर, आमचा दिगू, मोटारी भरायच्या दुकानात होता. जळालेली मोटर आणली की तिची तांब्याची तार काढायची अन् नवी गुंडाळायची, हे त्याचं काम. घरात दोन खोल्या, वर पत्रा. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की दुपारी त्याच्यावर कावळा बसला तर एक पाय उचलूनच बसायचा. सकाळी टँकरचा हॉर्न, मग बायकांच्या घागरींचा खणखणाट, मग कूलरची घरघर, अन् बरोबर दोनला लाईट गेली की सगळं एकदम गप. माझी मंडळी, कौसल्या, त्या गप झालेल्या घरात सुपात काहीतरी पाखडत बसायची. तिचं सूप लाईटवर चालत नव्हतं.

दिगूचं लग्न आदल्याच वर्षी झालं होतं. सून ज्योती नांदेडची. मला मामा म्हणायची, कौसल्येला आत्या. चपळ पोरगी. तिच्या हातच्या येसर आमटीचा वास गल्लीच्या तोंडाशी यायचा. येसराचा मसाला भाजायला घेतला की शेजारचा म्हातारा काठी टेकत आमच्या ओट्यावर येऊन बसायचा अन् "सहज आलो होतो" म्हणायचा. दुसऱ्याची पोर घरात आल्यावर घराला चव येते ती अशी.

पण त्या पोरीच्या मनात एक काटा होता. तिचा बाप, म्हणजे माझा इवाई माधवराव, आमच्या घरी पाणी सुद्धा पीत नव्हता. मुलीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही जुनी रीत. बऱ्याच लोकांनी ती केव्हाच सोडली होती, पण माधवरावांनी धरली ती धरलीच. नांदेडहून एसटीनं यायचे, खुर्चीच्या कडेवर बसायचे, सोबतच्या बाटलीतलं पाणी प्यायचे अन् निघताना स्टँडवरच्या लिंबाखाली आपला डबा उघडून जेवायचे. ज्योतीला एकदा कुणीतरी सांगितलं, तुझे बाबा स्टँडवर एकटे भाकरी खात बसले होते. त्या दिवशी तिनं केलेली आमटी खारट झाली. मीठ जास्त पडलं म्हणाली. माझ्या साठ वर्षांत माझ्या उंबऱ्यावरून कुणी उपाशी गेलेलं नव्हतं, अन् जाऊन जाऊन माझाच इवाई जात होता. हा मला माझ्या घराचा अपमान वाटायचा.

माधवराव कोण, तेही सांगतो. नांदेडात त्यांची टायपिंगची शाळा होती. तीस वर्षं पोरांना मशीन शिकवलं. बारीक माणूस, कडक इस्त्री, कोपर कायम बरगड्यांना चिकटलेलं. बोलतानासुद्धा हात हलवायचे नाहीत. मी बोलायला लागलो की माझे हात वारा सुटल्यावाणी फिरतात. आम्ही दोघं शेजारी बसलो की कौसल्या म्हणायची, "एक खांब अन् एक पवनचक्की."

त्या वर्षी वैशाखात अधिक महिना आला. जावयाचा धोंडा. दिगू नांदेडला जाऊन पुरणाचे धोंडे, अनारसे खाऊन आला अन् सोबत एक खोकं घेऊन आला. ज्योतीच्या बंगळूरच्या भावानं दाजींसाठी व्हिडिओ गेम दिला होता. दिगूनं लग्नात हौसेनं घेतलेल्या चपट्या टीव्हीला तो जोडला अन् आमच्या बाहेरच्या खोलीत एक हिरवंगार रान उगवलं. लातुरात बाहेर कुत्रं सावली शोधत होतं, अन् टीव्हीत झरे वाहत होते.

गेम असा. एक गडी तलवार पाठीला लावून निघालेला. रानं, गुहा, दोरीचे पूल, बंद देवळं. किल्ली शोधायची, दार उघडायचं, आत कुणीतरी राक्षस बसलेला असायचा, त्याला हाणायचं. हा एकच गेम दोन तऱ्हांनी खेळता यायचा. एक म्हणजे बटनांची जॉयस्टिक. मांडीवर धरायची अन् बोटांनी टिकटिक करायची. दुसरा म्हणजे कांडीसारखा पांढरा रिमोट. तो हातात धरून हात फिरवला की टीव्हीतला गडी तलवार फिरवायचा, दगड भिरकावल्यागत केलं की तो दगड भिरकावायचा. चालवायचं मात्र दोन्हीकडं अंगठ्यानंच. मी म्हणालो, "अंगठा तर आमचा पिढीजात तयार हाय, बापानं सगळे कागद त्याच्यावरच केले."

दिगूनं रिमोट माझ्या हातात गंमत म्हणून दिला. मी हात फिरवला. गड्यानं तलवार फिरवली. मी थांबलो, तो थांबला. तुम्हाला खोटं वाटेल, माझ्या अंगावर काटा आला. आयुष्यभर मी जे जे केलं ते जमिनीनं ऐकलं नाही, बैलानं ऐकलं नाही, पावसानं तर नाहीच नाही. अन् इथं माझा हात जसा जाईल तसा एक माणूस चालला होता! लाईट गेली तेव्हा मी दिगूला म्हणालो, "आरं, चार वाजता येती ना?"

आठवड्यात मी तरबेज झालो. ज्योती शिकवायची, "मामा, एवढा मोठा हात नका फिरवू. नुसतं मनगट झटकलं तरी तो पूर्ण वार करतो." दिगू तर पलंगावर लोळून, उशीला टेकून झटकायचा अन् राक्षस मारायचा. मला ते पटायचं नाही. वार करायचा तर खांद्यातून करावा. मनगट झटकून मारलेला राक्षस हा मारलेला नव्हे, हुसकलेला. कौसल्या म्हणायची, "ओ दिगूचे बापू, खांदा उतरंल." उतरू दे म्हणायचो. रात्री ती तेल चोळायची अन् शिव्या द्यायची, दोन्ही एकाच हातानं.

एका रविवारी सकाळी माधवराव आले. मी गुहेत होतो, घाम गळत होता. ते खुर्चीच्या कडेवर बसले, बाटली मांडीवर. बराच वेळ पाहिलं.

"काय करून राहिले इवाई तुम्ही? मळणी?"

"तलवार चालवून राहिलो."

"हे काम एका बोटाचं आहे." माधवराव बोलायचे तेही टाईप केल्यासारखं, शब्दाशब्दात सारखं अंतर. "नांदेडला पोरानं आठ दिवस हाच गेम ठेवला होता. मी जॉयस्टिकवर ही गुहा केली आहे. बटन दाबलं की वार. दरवेळी तोच वार, तेवढाच. तुमच्या हाताचं काय, एकदा असा जाणार, एकदा तसा."

"बटनात जीव न्हाई, इवाई. टीव्हीतला गडी मरून राहिला अन् तुमचं कोपर सुद्धा हालत न्हाई! हे काय मारणं झालं? हे तर तहसीलदारानं सही करून मारल्यागत झालं."

"सहीनं जेवढी माणसं हलतात तेवढी तलवारीनं हलत नाहीत."

ज्योती आतून हसली. मग येसर फोडणीत पडला अन् वास बाहेर आला. मी माधवरावांकडं पाहिलं. त्यांनी वास घेतला, डोळे अर्धे मिटले, अन् बाटलीचं झाकण उघडून दोन घोट पाणी प्यायले. ते पाहिलं अन् माझी कळ फिरली.

"लावता का पैज?" मी म्हणालो. "गुहेच्या शेवटी ते मोठं पाखरू हाय. तीन-तीन जीव. तुम्ही बटनावर, मी हातावर. ज्याचे जीव जास्ती उरतील तो जिंकला. मी जिंकलो तर आज इथं पाटावर बसून पोरीच्या हातचं जेवायचं."

आतलं भांडं वाजायचं थांबलं.

माधवरावांनी बराच विचार केला. परीक्षेचा पेपर वाटायच्या आधी मास्तर करतो तसा. "आणि मी जिंकलो तर?"

"सांगा तुम्ही."

"नांदेडला येऊन माझ्या मशीनवर बसायचं. टायपिंग शिकायचं. पहिल्या बाकावर, पोरांच्या सोबत."

हे त्यांनी मुद्दाम मारलं होतं. तिसरी नापास सुद्धा नाही मी, तिसरी अर्धी. शाळेच्या बाकाचं नाव काढलं की मी विषय बदलायचो, का ते कुणाला सांगितलं नव्हतं, पण मास्तर लोकांना वास येतो. मी म्हणालो, "कबूल." दिगू म्हणाला, "बापू, दोनला लाईट जाती, काय ते आताच करा."

पहिले माधवराव. जॉयस्टिक घेतली, पाठ ताठ, कोपरं बरगड्यांना. काय सांगू, मला राग येत होता अन् बघावंसंही वाटत होतं. बोटं नुसती पावसाच्या थेंबांवाणी पडत होती. गडी उडी मारायचा ती बरोबर काठावर. पण पाखराशी आल्यावर गडबडले. ते पाखरू म्हणजे घराएवढं, छतातून खाली झेपावायचं, अन् दगडानं त्याचा डोळा फोडायचा होता. नेम लावायला बटन फार धीमं पडत होतं. एक जीव गेला, दुसरा गेला. तिसऱ्यावर त्यांनी दात आवळून डोळा फोडला. जॉयस्टिक खाली ठेवली अन् खिशातला रुमाल काढून बोटं पुसली, एक एक.

मग मी उभा राहिलो. ज्योती म्हणाली, "मामा, दोरी मनगटात घाला बरं." रिमोटला एक दोरी असायची, हातातून निसटू नये म्हणून. मी म्हणालो, "दोरी कुठं घालायची ते मला शिकवू नको. गोफणीची दोरी बोटात असती." अन् मी तो फासा मधल्या बोटात अडकवला. त्या पोरीनं पुन्हा सांगितलं. मी ऐकलं नाही. मी कुणाचं ऐकलं असतं तर हे प्रकरण लिहायची पाळी आली नसती.

गुहा मी खांद्यानं पार केली. एक जीव गेला, कोळ्यानं घेतला. पाखराशी आलो तेव्हा माझे दोन शिल्लक होते. आणखी जीव न घालवता पाखरू पाडलं की जिंकलो. कौसल्या सूप सोडून दारात आली होती. ज्योती टीव्हीजवळ उभी, पदराचं टोक मुठीत. माधवराव खुर्चीच्या कडेवरून पुढं सरकले होते, आणखी सरकले असते तर जमिनीवरच आले असते.

अन् ते पाखरू खाली आलं.

आता इथं मला सावकाश सांगावं लागतं. ज्यानं कधी अंबाडीच्या वाखाची गोफण फिरवली नाही त्याला हे कळायचं नाही. गोफणीला दोन दोऱ्या. एका दोरीला फासा असतो, तो बोटात. दुसरी चिमटीत. डोक्यावर दोन फेरे द्यायचे अन् ऐन वेळी चिमटीतली सोडायची. सोडणं हीच सगळी विद्या. सोडलं नाही तर गुंडा, म्हणजे आतला दगड, तुमच्याच टाळक्यात. नऊ वर्षांचा असताना मी ते सोडणं शिकलो अन् हातानं ते कायमचं लिहून ठेवलं. ते पाखरू पंख पसरून ज्वारीवर उतरावं तसं उतरलं अन् मला टीव्ही दिसेना, खोली दिसेना. कणसं दिसली. माझ्या तोंडातून आपोआप आलं, "हाऽऽरे हाऽऽ! हुर्रर्र!" हात डोक्यावरून दोनदा फिरला, अन् ऐन वेळी मी सोडलं.

गोफणीच्या फाशाला गाठ असते. रिमोटच्या दोरीला सरकता मणी होता, तो सरकला अन् रिमोटच सुटला.

फाट् करून आवाज झाला. टीव्हीच्या काचेवर मधोमध तड्यांचं कोळ्यासारखं जाळं उमटलं, त्याच्यातून दोन रंगीत रेघा वर गेल्या, अन् सगळं काळं.

कूलर तेवढा चालू होता. मी हात वर तसाच धरून ओरडलो, "पाडलं! पाखरू पडलं!"

माधवराव उठले. टीव्हीजवळ गेले, वाकून पाहिलं, अन् निकाल वाचावा तशा आवाजात म्हणाले, "इवाई, पाखरू नाही. टीव्ही पडला."

दिगू म्हणाला, "मोटर असती तर भरून दिली असती, बापू."

अन् मग झालं असं की माधवराव हसले. वर्षभरात मी त्यांचे दात पाहिले नव्हते. आधी खांदे हलले, मग कोपरं बरगड्यांपासून सुटली, मग दोन्ही हात वर करून त्यांनी माझी नक्कल केली, "हुर्रर्र!", अन् त्यांना असा ठसका लागला की डोळे पांढरे. ज्योती धावत आत गेली, तांब्या भरून आणला, ओठाला लावला. गटागटा अर्धा तांब्या प्यायले ते. मग श्वास घेतला. मग हातातल्या तांब्याकडं पाहिलं.

कौसल्या म्हणाली, "पाणी पिलात, इवाई. आता भाकरीनं काय पाप केलंय?"

माधवरावांनी तांब्या हळूच खाली ठेवला. चेहरा परत इस्त्रीचा. "पाणी चुकून गेलं, त्याची मोजदाद नाही. पैज ती पैज. पाखरू पडलं की नाही, कुणी पाहिलं?"

दिगू माझ्याकडं पाहत होता. कौसल्या दारात, तिच्या अन् टीव्हीच्या मध्ये मी. खरं सांगतो, माझ्या हाताला ठाऊक होतं. हात सोडल्या क्षणी सांगतो, लागलं का हुकलं. मी उशिरा सोडलं होतं. हुकलं होतं. पण ते तोंडातून निघेना. "चुकलो" हा शब्द मी तोवर बायकोला सुद्धा दिला नव्हता.

तेवढ्यात ज्योती म्हणाली, "पडलं, बाबा. मी जवळच होते. मी पाहिलं."

"नक्की?"

"नक्की." ती जमिनीकडं बघत होती.

ज्या माणसानं तीस वर्षं परीक्षेत पोरांच्या बाहीतल्या चिठ्ठ्या पकडल्या त्याला हे कळलं नसेल? त्यांनी पोरीकडं पाहिलं, ते बघणं मी विसरत नाही. मग बाह्या दुमडल्या, एक घडी, दोन घडी, अगदी सारख्या, अन् म्हणाले, "हात धुवायला पाणी दे."

ज्वारीची भाकरी, येसर आमटी, शेंगांची चटणी, कैरीचा तक्कू. माधवरावांनी भाकरी आमटीत चुरली अन् पाचही बोटांनी कालवली. टायपिंग मास्तर कोपर हलवून जेवत होता. तिसऱ्या भाकरीला नको म्हणाले अन् ताट पुढं केलं. ज्योती वाढत होती अन् पदरानं नाक पुसत होती. येसर नाकात गेला म्हणाली. मधेच दोन वाजले, लाईट गेली, कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

परवा, म्हणजे आता इतक्या वर्षांनी, मी ज्योतीला विचारलं, "पोरी, खरं सांग, त्या दिवशी पडलं होतं का?" तिची पोरगी आता गेम खेळते, ती बटनांवरच खेळते, मी काही बोलत नाही. ज्योती म्हणाली, "मामा, तुम्ही हात फिरवायला लागलात तेव्हाच मी डोळे झाकले होते."

तर त्या दिवशी जेवणं झाल्यावर मी माधवरावांना म्हणालो, "इवाई, आज मुक्काम करा. सकाळच्या गाडीनं मी बी येतो तुमच्यासंगं नांदेडला."

"कशाला? तुम्ही तर जिंकलात."

"जिंकलो ते पोरीनं जिंकवलं. हात सुटला तो माझा. फुकटचं मी कुणाचं खात न्हाई." एवढंच बोललो. "चुकलो" हा शब्द तरीही नाही आला, पण त्याच्या बांधापर्यंत मी जाऊन आलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योतीनं दोन डबे बांधले. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा दोघांनी धपाटे खाल्ले, माधवरावांनी माझ्या डब्यातला एक जास्ती खाल्ला. नांदेडला उतरलो, घरी सुद्धा न जाता थेट शाळेत. पोरं-पोरी टकटक करत होती, ती थांबून माझ्या फेट्याकडं बघायला लागली. मी पहिल्या बाकावर बसलो. बाक लहान होता, गुडघे वर आले. माधवरावांनी कागद चढवला, माझी बोटं एक एक धरून जागेवर ठेवली अन् म्हणाले, "नाव शेषेराव ना? मग 'श' पासून. आधी अर्धा उमटेल, घाबरू नका. मग काना द्या, पुरा होतो."

मी हात उचलला.

"खांद्यातून नको, इवाई. बोटातून."

"सुटलं तर?"

"मशीन जड आहे," माधवराव म्हणाले. "फेकून दाखवा."

सगळा वर्ग हसला, मीही हसलो. मग मी 'श' दाबला, अर्धा. अन् मग काना.